रिकामा हात

मी स्वभावाने अहिंसक आहे, अशी माझी बेचाळीस वर्षे समजूत होती. बँकेच्या काउंटरवर ही समजूत फार उपयोगी पडते. गिऱ्हाईक पासबुक आपटतं. आपण ते उचलतो, शिक्का मारतो आणि मनात म्हणतो, 'जा, क्षमा केली.' अशी रोज निदान चाळीस जणांना मी क्षमा करीत आलो.

मग एस.टी. स्टँडवरचा तो प्रकार घडला. चहावाल्या पोऱ्याच्या हातून एका आडदांड गृहस्थाच्या पँटवर चार थेंब सांडले. गृहस्थाने त्याचा कान असा पिरगाळला की पोऱ्या चवड्यांवर आला. मी दोन हातांवर उभा. मी काय केलं? गाड्यांचं वेळापत्रक वाचलं. (आमची गाडी कधी सुटते ते मला पाठ होतं.) शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा होता. तो वेळापत्रक वाचत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

घरी मी म्हटलं, "आपल्याला नाही बुवा हाणामारी पटत. आपण गांधीजींची माणसं."

बायको तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पटत नाही की जमत नाही?"

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. हिशेब जुळला नाही की मला झोप लागत नाही. ज्याच्या खात्यात शिल्लक शून्य त्याने 'मी पैसे काढत नाही' अशी काटकसरीची फुशारकी मारावी, त्यातलीच ही माझी अहिंसा! गांधीजींचा आधारही अंगलट आला. 1920 साली 'यंग इंडिया'त त्यांनी साफ लिहून ठेवलंय की भित्रेपणा आणि हिंसा यांतलं एकच निवडायचं झालं, तर ते हिंसेचाच सल्ला देतील. क्षमा शोभते ती शिक्षा करण्याची ताकद असणाऱ्याला. त्या लेखात उंदीर-मांजराचा दाखलाही आहे. त्यातला उंदीर कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा खात्यात थोडी रक्कम असावी म्हणून मी मुलाच्याच कराटेच्या वर्गात नाव घातलं. कराटे म्हणजे रिकामा हात. महिन्याच्या वीस तारखेनंतर हा अर्थ कोणत्याही नोकरदाराला समजावून सांगावा लागत नाही. ही विद्या ओकिनावातून 1922 साली टोकियोला नेणारे गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर, आणि तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. हे मी बायकोला आवर्जून सांगितलं. ते लहानपणापासून शिकत होते, हे सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी पोचायला उशीर झाला. शाळेच्या हॉलबाहेर बुटांच्या नाड्या सोडून आत गेलो, तर सगळी चिल्लीपिल्ली रांगेत उभी. मी मूठ वळली. शेजारच्या मुलीने ती उघडली, आतला अंगठा बाहेर काढला आणि म्हणाली, "काका, असं मारलंत तर तुमचाच अंगठा मोडेल." बेचाळीस वर्षांत मी कुणाला मारलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. मग लाथा. सर जपानीत आकडे मोजत होते. चाराला जपानीत 'शी' म्हणतात. सरांनी माझ्या लाथेकडे बघून नेमका तोच आकडा उच्चारला.

पण खरी फजिती पुढेच. ठोसा मारताना पोटातून आरोळी द्यायची असते. मुलांनी हॉल दणाणून सोडला. माझ्या तोंडून जे आलं ते 'पुढच्या काउंटरवर जा' अशा सुरातलं होतं. घरी येताना माझ्या ध्यानात आलं, की स्टँडवर ठोशाची गरजच नव्हती. "अहो, सोडा त्याला!" एवढं मोठ्याने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्याकडे हात नव्हता हे खरं. पण आवाज तरी कुठे होता?

पंधरा दिवस मी आरोळीच घोटली. वरच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली.

मग एका सोमवारी एका तालेवार गिऱ्हाइकाने पासबुक आपटलं. मी पोटातून म्हणालो, "नीट ठेवा!" त्याने ते उचललं आणि नीट ठेवलं. काय सांगू! सबंध बँक माझ्याकडे बघत होती. त्या भरात मी पुढच्या माणसालाही त्याच आवाजात सांगितलं, "नीट ठेवा!" ते एक पेन्शनर आजोबा होते. त्यांनी अजून पिशवीतून पासबुक काढलंसुद्धा नव्हतं. त्यांचा हात थरथरला आणि चष्मा खाली पडला. तो मी काउंटरबाहेर येऊन उचलून दिला, पण आजोबा काही माझ्याकडे बघेनात.

त्या रात्री फुनाकोशींची वीस सूत्रं वाचायला घेतली. दुसरंच सूत्र असं, की कराटेत पहिला वार नसतो. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "हा धडा कधी घेणार?"

"तो पहिल्याच दिवशी झाला, काका," सर म्हणाले. "तुम्ही तेव्हा बाहेर बूट काढत होतात."