नामानाचा प्रश्न व गेहजीचे उत्तर

(वाचा : २ राजे, अध्याय ५)



नामानाची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांसही मुखोद्गत असते. अरामाचा हा शूर सेनापती कोडी होता. एका बंदिवान इस्राएली मुलीच्या सांगण्यावरून तो अलीशाकडे आला, यार्देनेत सात वेळा बुडी मारून शुद्ध झाला. बहुधा उपदेशक येथेच थांबतात. परंतु त्याच अध्यायात पुढे दोन माणसांची दोन संभाषणे आहेत, आणि ज्यांस गावात राहून ख्रिस्ती म्हणून चालावयाचे आहे त्यांस ती फार उपयोगी आहेत. म्हणून आज आपण यार्देनेच्या पुढे जाऊ.

शुद्ध झालेला नामान परत येऊन कबूल करतो की, इस्राएलाच्या देवाखेरीज दुसरा देव नाही, व यापुढे आपण दुसऱ्या कोणास यज्ञ करणार नाही. इतके बोलून तो निघून गेला असता तर त्याची वाहवाच झाली असती. पण त्याच्या मनात एक अडचण सलत होती, ती त्याने संदेष्ट्यापुढे मांडली. त्याचा धनी रिम्मोनाच्या देवळात जाई, तेव्हा नामानाच्या हातावर टेकून नमन करी. त्या वेळी आपणासही वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल काय, असे त्याने विचारले. अलीशाने त्याची पाठ थोपटली नाही, की त्यास झिडकारलेही नाही. शांतीचा निरोप देऊन त्यास वाटेस लावले.

दुसरे संभाषण गेहजीचे. हा परका नव्हे, तर संदेष्ट्याच्या घरचा सेवक. धन्याने नाकारलेल्या देणगीचा त्यास मोह पडला. तो रथामागे धावला, दोन तरुण पाहुणे आल्याची थाप मारली, दोन किक्कार रुपे व दोन पोशाख घेऊन घरात लपविले, आणि काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने धन्यापुढे येऊन उभा राहिला. कोठून आलास, असे विचारताच त्याने कोठेही गेलो नव्हतो असे सांगितले. नामानाचे कोड त्यास लागले.

बंधूंनो, नामानाची अडचण थोडी नव्हती, पण ती उजेडात होती. गेहजीजवळ संदेष्ट्याचा सहवास होता, पण त्याच्या घरात एक गाठोडे लपलेले होते. ख्रिस्ती माणसास अडचणी नसतात असे नाही. त्या तो कोठे ठेवतो, देवापुढे व मंडळीपुढे की घराच्या कोपऱ्यात, यावरून त्याच्या विश्वासाचा खरेपणा कळतो.

पहिली गोष्ट पंगतीची. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे; परंतु याकोबाकडून काही जण येताच तो भिऊन वेगळा बसू लागला, आणि बर्णबाही त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. कारण एका ताटावरून उठण्यात सगळी सुवार्ता नाकारली जात होती. आपल्याकडे प्रभुभोजनाची भाकर सर्वांच्या हातात एकच येते. पण लग्नाच्या मांडवात? मुलीस स्थळ पाहताना? मुलगा विश्वासू आहे काय, निर्व्यसनी आहे काय, हे विचारण्यापूर्वी पूर्वाश्रमीची जात विचारली जाते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे काही काळ पाळले, व ते उघडपणे पाळले. पुढे जातिभेद ही माणसांची करणी आहे अशी त्यांची खात्री झाली, तेव्हा त्यांनी तो उघडपणे सोडला. आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. आधी पंगत बदलली, मग नोंदवहीत नाव लागले. आपल्यात कित्येकांची नावे नोंदवहीत लागून तीन पिढ्या झाल्या, पण पंगत बदलावयाची राहिली आहे.

दुसरी गोष्ट रीतिरिवाजांची. काहींस वाटते की, परके कपडे व परक्या चाली आल्या म्हणजे विश्वास आला. टिळकांनी अभंग व ओवी या आपल्याच वळणांत ख्रिस्ताचे स्तवन गाइले, व ते आजही खेड्यापाड्यांत टाळमृदंगावर गाइले जाते. आईची भाषा, मातीचे सूर, शेजाऱ्याच्या सुखदुःखात धावून जाणे, यांतले काही टाकण्यास प्रभूने सांगितलेले नाही. जे टाकावयाचे ते ठेवून जे ठेवावयाचे ते टाकले, तर आपला व्यापार उलटा झाला म्हणावयाचा. आणि जेथे खरीच अडचण येते, जसे जत्रेची वर्गणी, तेथे पळवाट काढू नये. वर्गणी मागण्यास लोक आले की घरात नसल्याचा निरोप मुलाकरवी पाठविणे ही गेहजीची रीत झाली. “नैवेद्यास आम्ही देणार नाही, पण विहिरीस, शाळेस, रस्त्यास आमचा हिस्सा घ्या,” असे ओट्यावर बसवून सांगावे. गाव एक दिवस रागावेल. पण असे बोलणाऱ्याच्या शब्दावर पुढे विश्वासही ठेवील.

तिसरी गोष्ट अवघड आहे, म्हणून ती जपून बोलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती लोकांस त्या आदेशात जागा मिळाली नाही. यामुळे कित्येक घरांत मंदिरातील नोंद एक व शाळेच्या दाखल्यावरील नोंद दुसरी असते. बाप्तिस्म्याने गरिबी धुतली जात नाही, व गावाने दिलेला कलंकही पुसला जात नाही. हा पेच आपल्या लोकांनी मागून घेतलेला नाही. जो सुखवस्तू आहे त्याने त्यांजवर दगड उचलू नये. परंतु जो या पेचात आहे त्याने नामानाप्रमाणे येऊन बोलावे. पाळकापुढे, पंचांपुढे आपले ओझे ठेवावे. आणि मंडळीने ते ऐकून त्याच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावावा. एकट्याने लपविलेले गाठोडे माणसास आतून खाते. मुलास दोन नावे शिकविता शिकविता आपण त्यास दोन जिभा तर देत नाही ना, हा विचार बापाने रात्री अंथरुणावर पडताना करावा.

शेवटी सेवकांस, उपदेशकांस व शिक्षकांस दोन शब्द. गेहजी सेवक होता हे विसरू नका. दानाचा हिशेब, वार्षिक अहवालातील माणसांची संख्या, गरिबांसाठी आलेले धान्य, या तीन ठिकाणी आपली परीक्षा होते. उपासनेस वीस जण आले असता चाळीस लिहिणारी लेखणी व्यासपीठावर सत्य कसे सांगणार? हिशेबाची वही मंडळीपुढे उघडी ठेवावी, म्हणजे शास्त्राचे पुस्तक उघडण्यास तोंड राहते.

प्रियहो, प्रभूसमोर अडचण घेऊन येणाऱ्यास लाज वाटण्याचे कारण नाही. तो नामानास शांतीने पाठविणारा देव आहे. यास्तव येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराचा कोपरा तपासावा, व तेथे जे लपलेले असेल ते हाती घेऊन प्रकाशात यावे.

हे प्रभो, आमचे मंदिरातले तोंड व बाजारातले तोंड एकच कर. आमच्या अडचणी तुजपुढे मांडण्याचे धैर्य आम्हांस दे, आणि बंधूची अडचण ऐकून घेण्याची माया दे. आमेन.