सेबुआनोची सकाळ आणि मराठीचा रामराम

सेबुआनो भाषेत भेटीचा पहिला शब्द घड्याळाप्रमाणे बदलतो. ‘माआयो’ म्हणजे चांगले. त्याला पुढच्या शब्दाशी जोडणारा ‘ंग’ लागून ‘माआयोंग’ होते आणि पुढे वेळेचे नाव येते. सकाळी ‘माआयोंग बुन्ताग’, भर दुपारी बाराच्या सुमारास ‘माआयोंग उद्‌तो’, दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत ‘माआयोंग हापोन’ आणि अंधार पडला की ‘माआयोंग गबी-इ’. दिवसा केव्हाही चालणारे ‘माआयोंग आद्‌लाव’ही आहे, त्यात फक्त दिवसाचे नाव येते. समोरचा तेच शब्द परत करतो आणि शेवटी ‘साब’ किंवा ‘पोद’ जोडतो, म्हणजे ‘सुद्धा’.

साचा अर्ध्या तासात पाठ होतो. अडखळायला होते ते दोन-तीन ठिकाणी. ‘गबी-इ’तले शेवटचे दोन स्वर एकत्र ओढायचे नसतात, मध्ये घसा क्षणभर अडवायचा असतो. ‘हापोन’चा जोर पहिल्या अक्षरावर असेल तर ती दुपार, शेवटच्या अक्षरावर गेला तर तो जपानी माणूस. मध्यान्हीला स्वतंत्र अभिवादन आहे हेही मराठी माणसाच्या सहसा लक्षात राहत नाही. तिथे मात्र उद्‌तोवरून दुपारच्या जेवणाला ‘पानिउद्‌तो’ म्हणतात आणि हापोनवरून रात्रीच्या जेवणाला ‘पानिहापोन’. वेळ, जेवण आणि भेट ही तिन्ही एकाच शब्दाभोवती फिरतात.

फिलिपिन्समध्ये सेबू, बोहोल आणि मिंदानाओच्या मोठ्या भागात मिळून सुमारे दोन कोटी लोक ही भाषा बोलतात आणि बोलताना तिला बहुधा ‘बिसाया’ म्हणतात. दावाव आणि सेबू इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात, त्यांत मराठी मुलेही असतात. वर्गात इंग्रजीवर भागते, पण वॉर्डातला म्हातारा रुग्ण बिसायातच बोलतो. तिथे पहिला उपयोगी पडतो तो ‘माआयोंग बुन्ताग’.

वसई-विरारच्या पूर्वेकडच्या चांदीपसारख्या गावातून गेलेल्या मुलाला हा साचा सोपा वाटला, तरी त्यामागचा प्रश्न सोपा नाही. त्याच्या घरच्या अभिवादनात वेळ येतच नाही. ‘राम राम’ पहाटेही चालते आणि रात्रीही. नमस्कार, सलाम, जय भीम, जोहार यांपैकी कुणालाही सूर्य कुठे आहे याच्याशी देणेघेणे नाही. मग भेटीत काय उच्चारावे? देवाचे नाव, समोरच्याचा मान, की दोघांवर सारखीच उगवलेली सकाळ?

मराठीला प्रहरांची जाण कमी आहे असे कुणी म्हणणार नाही. पहाट, झुंजुमुंजू, सकाळ, टळटळीत दुपार, तिन्हीसांज अशी नावे भाषेत भरपूर आहेत. फक्त ती माणसांच्या भेटीला न देता देवाच्या सेवेला दिलेली आहेत. पहाटे काकडआरती आणि भूपाळी, तिन्हीसांजेला दिवेलागण आणि ‘शुभंकरोति’, रात्री शेजारती. सुप्रभात हा शब्दही मुळात देवाला जागे करण्याच्या स्तोत्रांतला. ‘शुभ सकाळ’ आणि ‘शुभ रात्री’ इंग्रजीच्या वळणावर अलीकडे घडले, आणि आजही तोंडापेक्षा मोबाइलच्या पडद्यावरच जास्त दिसतात.

आता शब्दांतला कर्ता पाहावा. ‘माआयोंग बुन्ताग’मध्ये सकाळ चांगली करणारा कुणी नाही. गोव्याच्या कोकणीत तो आहे: ‘देव बरो दीस दिवं’, ‘देव बरी रात दिवं’. इथे वेळही आहे आणि ती देणाराही आहे, म्हणून हे अभिवादन खऱ्या अर्थाने प्रार्थना ठरते.

वसई आणि सेबूचा इतिहास पाहिला तर हा फरक आणखी नवलाचा वाटतो. दर्यावर्दी मॅगेलन १५२१ मध्ये सेबूला पोहोचला, १५६५ मध्ये लेगाझ्पीने तिथे स्पॅनिश वसाहत उभारली. गोव्यासारखीच वसईही पोर्तुगीजांकडे होती, १५३४ पासून १७३९ पर्यंत. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते, म्हणजे वसई आणि सेबू दोन्ही एकाच मुकुटाच्या होत्या. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया याच काळातले. ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ मध्ये त्याच संघाच्या पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. परक्यांची भाषा आणि त्यांच्या दरबाराची रीत आत्मसात केली म्हणूनच हा वसईकर दोन देशांमध्ये उभा राहू शकला.

गोव्यात आणि सेबूत ख्रिस्ती धर्म एकच, तरी सेबूच्या अभिवादनात देव शब्दाने आला नाही. तो कृतीत आला. लहान मूल मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावते, तो आशीर्वाद असतो. गोव्यात संध्याकाळच्या आंजेलूस प्रार्थनेच्या घंटेनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात, तसेच हे. म्हणजे ‘माआयोंग बुन्ताग’ हे देवाला वगळणे नव्हे. देवाचा वाटा तिथे हाताकडे गेला आहे.

वेळ मुळात शुभ असू शकते का, हा पुढचा प्रश्न. पंचांग म्हणते, असते. दिवसरात्रीचे तीस मुहूर्त, राहुकाळ, चौघडिया यांनी काळाला गुण-दोष चिकटवले आहेत. त्या हिशेबाने सरसकट प्रत्येकाला ‘चांगली सकाळ’ देणे धाडसाचेच म्हणावे लागेल. वारकरी उलट बाजूने येतो. हरिपाठाची शिकवण अशी की नामाला काळवेळेचे बंधन नाही. मग सकाळ आपोआप चांगली नसते आणि वाईटही नसते. ती चांगली करावी लागते. दोन्हींपैकी वारकऱ्याची बाजू अधिक पटते, कारण तिच्यात समोरच्याला शुभ चिंतण्यासाठी ज्योतिषाची परवानगी लागत नाही.

देवाचे नाव किंवा मानाचा शब्द घेणाऱ्या अभिवादनांत एक अडचण मात्र राहते: पायरी. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो की ब्राह्मणाला भेटल्यावर कुशल विचारावे, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य. चौकशी एकच, पण शब्दावरून जात कळावी अशी सोय. महारांनी वरच्यांना करायचा ‘जोहार’ चोखामेळ्याच्या आणि एकनाथांच्या रचनांत आहे. तो वाकलेल्या माणसाचा शब्द होता. त्याची जागा ‘जय भीम’ने घेतली. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना देतात. जोहार शब्दही तसाच पडून राहिला नाही. पालघरच्या आदिवासी पाड्यांत आज तो ताठ मानेने म्हटला जातो. वसई तालुक्यात वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते भेटल्यावर ‘जिंदाबाद’ म्हणतात. कालपर्यंत मालकासमोर मान खाली घालणाऱ्याने हा शब्द मोठ्याने उच्चारावा, यात जी मुक्ती आहे ती कोणत्याही ‘शुभ सकाळ’मध्ये नाही.

पायरी मोडण्याची सर्वांत सुंदर रीत वारीत दिसते. दिंडीत दोघे समोरासमोर आले की दोघेही एकदमच वाकतात. वयाने मोठा कोण, जात कोणती, हे पाहायला सवडच उरत नाही. हात एकमेकांच्या पायांना लागतात, तिथून कपाळाला जातात, ‘माउली’ असा शब्द निघतो आणि चाल पुढे सुरू होते. भेटलेला प्रत्येक जीव भगवंत समजावा, हे ज्ञानेश्वरीचे तत्त्व इथे कंबर वाकवून पाळले जाते.

वेळेचे अभिवादन यासमोर उणे पडते का? माणसातला देव पाहण्याच्या बाबतीत, होय. पण सकाळ कुणाच्या जातीची किंवा पंथाची नसते, आणि ‘साब’ लावून दिलेले उत्तर घेतले तेवढेच परत करते. कुराणाच्या चौथ्या सूरेत अभिवादनाला तसेच किंवा त्याहून चांगले उत्तर देण्याची आज्ञा आहे. सेबुआनोचा साचा यातली पहिली अट जशीच्या तशी पाळतो. शिवाय ते म्हणताना हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान किंवा बौद्ध विद्यार्थ्याला न मानलेल्या देवाची साक्ष काढावी लागत नाही. परक्या मुलखात पहिल्या ओळखीला हीच रीत योग्य. कपाळाला हात लावून आशीर्वाद घेणे ही पुढची पायरी. ती त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हात पुढे केल्यावर घ्यायची असते.