मधले बोल्ट

अरुणावतीच्या काठी आर्णी गावात दोन भाऊ राहत. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. भेट व्हायची ती पोळ्याला, नाहीतर कंबलपोश बाबांच्या यात्रेत. शेतातलं गोदाम मात्र सामाईक होतं. कापूस ठेवायला त्यात माळा घालायचं ठरलं.

मिस्त्रीने दोन मिलिमीटर पत्र्याचे, अठरा फूट लांबीचे, एका बाजूने उघडे सी चॅनल आणले. हा पत्रा न तापवता, थंडच दाबून वाकवलेला असतो. हलका आणि स्वस्त. दोन चॅनल पाठीला पाठ लावून एक तुळई करायची होती. बोल्टांची संख्या ऐकून थोरला म्हणाला, "दोन टोकाले बोल्ट लावा न मिस्त्री. मधात कायले पायजे?"

मिस्त्रीने वाद घातला नाही. विटांच्या दोन ठोकळ्यांवर त्याने आधी एकच चॅनल ठेवला आणि वर रेतीची पोती रचली. चॅनल वाकण्याआधीच उघड्या बाजूला पिळला आणि पोती घसरली. मग दोन चॅनल जोडले, पण बोल्ट फक्त टोकांना. पोती चढू लागली तशी मधोमध पाठीपासून पाठ सुटली, वरच्या बाजूला बोटभर फट पडली. एक डावीकडे पिळत होता, दुसरा उजवीकडे.

पोती उतरवून मिस्त्रीने दर दोन फुटांवर, वर आणि खाली, बोल्ट आवळले. तीच पोती पुन्हा चढवली. तुळई जराशी लवली, पण पिळली नाही. पोती काढताच सरळ झाली.

"पत्रा तोच, वजन तेच," धाकटा म्हणाला. "मग झालं काय?"

"एकट्या चॅनलवर वजन आलं की तो आपल्या बाजूला पिळतो जी. पाठीला पाठ बांधली की याचा पीळ त्याला अडवतो, त्याचा याला. वजन चॅनलच उचलतात. बोल्टाचं काम साथ सुटू न देणं."

मिस्त्रीची ही रीत सरकारी पुस्तकातही आहे. आयएस 801 या 1975 च्या भारतीय मानकात अशा तुळईतल्या दोन जोडांमधलं अंतर तिच्या लांबीच्या सहाव्या हिश्शाहून जास्त ठेवू नये, असं सांगितलं आहे. अठरा फुटांना म्हणजे फार तर तीन फूट.

थोरल्याने बोल्टांचे पैसे मोजले. धाकट्याकडे वळून म्हणाला, "उद्यापासून कापूस एकाच गाडीत नेऊ. हिशेबाले दर आठवड्याले बसत जाऊ."

तात्पर्य : नुसतं शेजारी असणं म्हणजे एकी नव्हे. सणावाराच्या भेटींवर नातं तोलत नाही. भार मधल्या दिवसांत येतो, म्हणून जोडही तिथेच हवेत.