स्वतःशींच जुळणारें माप

जें स्वतःशीं तंतोतंत जुळतें तें खरें असतेंच काय, हा प्रश्न आम्हीं तरुणपणीं तर्कशास्त्राच्या पुस्तकांत वाचला होता आणि परीक्षेपुरता सोडविलाहि होता. तो खऱ्या अर्थानें आमच्या पाठीस लागला तो मात्र उतारवयांत, घराच्या मागल्या पडवींतील एका लहानशा मिलिंग मशीनवर.

ज्या वाचकांचा लोखंडाशीं संबंध येत नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. यंत्राचे दोन भाग एकमेकांवर सरकावे, पण सुटून वर येऊं नयेत, यासाठीं एका भागांत तळाशीं रुंद व तोंडाशीं अरुंद अशी खांच पाडतात आणि दुसऱ्यावर तींत बसणारा उंचवटा ठेवितात. आकार पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा, म्हणून त्यास डव्हटेल म्हणतात. मेजाच्या खणाच्या कोपऱ्यांतहि सुतार असाच सांधा करितो. लोखंडांत प्रथम साध्या कटरानें सरळ खांच काढावयाची आणि मग डव्हटेल कटरच्या तिरप्या धारेनें तिच्या बाजू आंतून कापावयाच्या. या धारेचा कोन बहुधा ४५, ५५ किंवा ६० अंशांचा असतो.

बाजारांत हायस्पीड पोलादाचे तयार कटर मिळतात. परंतु ज्यानें हौसेखातर घरांत यंत्र मांडलें त्यास विकतचें हत्यार घेणें म्हणजे थोडीशी शरणागतीच वाटते. आम्हीं सिल्व्हर स्टीलचा, म्हणजे शेंकडा सुमारें १ भाग कार्बन असलेल्या पोलादाचा, दांडा आणला. लेथवर त्यास ६० अंशांचा उतार दिला, कानशीनें दांते काढिले आणि धारेची पाठ घासूं नये इतकी उतरती केली. मग तो लालबुंद तापवून पाण्यांत बुडविला व पुन्हां हलकेंच तापवून वाळल्या गवताचा पिवळा रंग येतांच थांबलों. लोहार ज्यास पाणी देणें म्हणतात तें हेंच. त्या कटरानें आम्हीं लेथचा टूलपोस्ट व त्यावर बसणारे चार होल्डर कापले. प्रत्येक होल्डर बोटानें ढकलतांच अलगद सरके आणि तसूभरहि हाले ना. आमच्या अभिमानास पारावार राहिला नाहीं, आणि त्याच भरांत एक होल्डर परगांवच्या एका स्नेह्यांस भेट म्हणून पाठविला.

महिन्याभरानें त्यांचें पत्र आलें. "आपला होल्डर माझ्या टूलपोस्टवर बसेना. आपलें काम पक्कें, तेव्हां चूक माझीच असणार असें समजून मीं पोस्टच्या बाजू कानशीनें उतरविल्या. आतां बसतो, मात्र माझे जुने होल्डर डुगडुगूं लागले आहेत."

पत्र वाचून काळजांत धस्स झालें. त्यांचा पोस्ट विकतच्या कटरानें कापलेला होता. डव्हटेलचा कोन तपासण्यासाठीं उंचवट्याच्या दोन्ही कोपऱ्यांत सारख्या व्यासाचे रूळ ठेवून बाहेरून बाहेर माप घेतात. रुळांच्या एकाच जोडीनें कोन कळत नाहीं. निराळ्या व्यासाची दुसरी जोडी ठेवून माप पुन्हां घ्यावें लागतें. व्यास ४ मिलिमीटरांनीं वाढविला तर ६० अंशांच्या उंचवट्यावर हें माप १०.९३ मिलिमीटरांनीं वाढावयास हवें. आमचें ११.०७ नीं वाढलें. आमचा कोन ५९ अंशांचा होता. १० मिलिमीटर लांबीच्या उतारावर एवढ्या चुकीनें टोकाशीं सुमारें ०.१७ मिलिमीटरची फट पडते.

मग घरीं सर्व जुळलें कसें? खांच व उंचवटा एकाच कटरानें कापल्यामुळें चूकहि दोहोंकडे सारखीच उतरली. वांकड्यास वांकडें मिळालें, आणि त्या मिलाफास आम्ही अचूकपणा समजलों. कुळाचे रिवाज, पंथांचे सिद्धांत, एकाच बैठकींत वर्षानुवर्षें बसणाऱ्या मित्रांचीं मतें यांचीहि स्थिति पुष्कळदां अशीच असते. तीं एकमेकांशीं सुरेख जुळतात, कारण तीं एकाच धारेनें कापलेलीं असतात. बाहेरचा रूळ त्यांस कधीं कोणीं लावलेला नसतो.

कोणी म्हणेल, घरांतलें काम घरांत भागलें तर जगाच्या ६० अंशांशीं आपणांस काय कर्तव्य? वस्तु घरांत राहते तोंवर हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. एक अंशाची चूक हा मोठा अपराध नव्हे आणि स्वतःचें हत्यार स्वतः करणें हा तर गुणच आहे. अपराध घडला तो बाहेरच्या मापास न लावलेली वस्तु दुसऱ्याच्या हातीं देण्यांत. त्याची किंमतहि आम्हांस पडली नाहीं. ज्यानें आमच्यावर विश्वास ठेविला त्यानें स्वतःचें सरळ होतें तें आमच्या वांकड्यासाठीं झिजविलें. विश्वास टाकणाऱ्याच्या हातीं कानस असते, ही गोष्ट वडीलधाऱ्यांनीं व शिक्षकांनींहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आम्हीं त्यांस सर्व हकीकत कळविली आणि नवा पोस्ट व होल्डर करून पाठविले. त्यांसाठीं केलेल्या कटरचें अंग घरचें, पण धार विकतची आहे: ज्याचे तिन्ही कोपरे ६० अंशांचे असतात असा कार्बाइडचा त्रिकोणी इन्सर्ट. त्याची बैठक वांकडी कापली तर तो उसना कोनहि व्यर्थ जातो, म्हणून पाठविण्यापूर्वीं रुळांच्या दोन्ही जोड्या लावून पाहिल्या. घरीं उरलेल्या तीन होल्डरांवर आम्हीं ५९ हा आंकडा ठोकून ठेविला आहे. ते अद्याप उत्तम काम देतात. उंबरठ्याबाहेर मात्र जाणार नाहींत.