चर्चमधल्या त्या आठ रात्री

२ जून १९७५, सोमवार. फ्रान्समधील ल्याँ शहरातल्या सेंट निझिए चर्चमध्ये शंभरेक स्त्रिया शिरल्या आणि तिथेच बसून राहिल्या. त्या मिस्सेसाठी आल्या नव्हत्या. शहराच्या रस्त्यांवर देहविक्रय करून पोट भरणाऱ्या त्या बाया होत्या. आमच्या मुलांना त्यांच्या आया तुरुंगात जायला नको आहेत, अशा अर्थाचा फलक त्यांनी चर्चवर लावला.

त्यांचे म्हणणे साधे होते. फ्रान्समध्ये देहविक्रय हा गुन्हा नव्हता, पण गिऱ्हाइकासाठी रस्त्यावर उभे राहणे हा गुन्हा होता. एकाच बाईला एका दिवसात अनेकदा दंड होई. तो भरायला तिला पुन्हा त्याच रस्त्यावर उभे राहावे लागे. पुन्हा पुन्हा पकडली गेली तर तुरुंग. मग मुलांकडे कोण पाहणार? १९७४ मध्ये त्यांच्यापैकी काहींचे खून झाले होते आणि खुनी सापडले नव्हते. दंड करायला पोलीस हजर. जीव वाचवायला मात्र कोणी नाही.

आता त्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंच्या जागी आपण आहोत असे समजा. बाहेर पत्रकार जमले आहेत. भाविक कुजबुजत आहेत, ‘प्रभूच्या मंदिरात ह्या कशा?’ एक फोन केला की पोलीस येतील. फादर बेआल यांनी तो फोन केला नाही. ‘घरटे’ अशा अर्थाचे नाव असलेली ‘ल नीद’ ही कॅथोलिक चळवळही त्या स्त्रियांच्या पाठीशी उभी राहिली. विशेष म्हणजे, देहविक्रय नष्टच झाला पाहिजे, असे या चळवळीचे ठाम मत होते.

पॅरिस, मार्सेय, ग्रनोबल इथल्या स्त्रियांनीही आपापल्या शहरांत चर्चचा आसरा घेतला. स्त्रियांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या मंत्री फ्रांस्वाझ जिरू यांनी हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही असे सांगितले. १० जूनच्या पहाटे पोलीस आत घुसले आणि सर्वांना बाहेर काढले. सरकारने पुढे एक अहवाल तयार करून घेतला, पण त्यातल्या सूचना कागदावरच राहिल्या. तरीही त्या आठ रात्रींतून एक गोष्ट उरली. या स्त्रिया प्रथमच संघटित होऊन स्वतःच्या तोंडाने बोलल्या. आज जगभरातल्या त्यांच्या संघटना २ जून हा आपला दिवस मानतात.

आपल्याकडेही अशा संघटना आहेत. सांगलीत १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन झाली. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९५ मध्ये या स्त्रियांनी स्वतःची सहकारी पतसंस्था उभारली. पतपेढीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. बँक दारात उभी करीत नाही आणि सावकार रक्त शोषतो, तेव्हा पतपेढीच आधार देते. पण नोंदणीच्या वेळी कायद्यातली चारित्र्याची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नोंद करा, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी खोटे लिहायला नकार दिला आणि अखेर आपल्या खऱ्या ओळखीवरच नोंदणी मिळवली.

इथे आपल्यासारख्या श्रद्धावंतांपुढे प्रश्न उभा राहतो. या संघटना म्हणतात, ‘हे काम आहे.’ ख्रिस्तसभा म्हणते, ‘माणसाचे शरीर ही विकायची वस्तू नाही.’ मग त्यांच्या मागण्यांना पाठिंबा देणे म्हणजे पापाला पाठिंबा देणे नव्हे काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच यातला एक धागा सोडवला होता. देहविक्रयाचे कृत्य लज्जास्पद आहे, पण त्यातून मिळालेला पैसा तिचा आहे, तो तिने ठेवावा आणि त्यातून दानधर्मही करावा, असे त्यांनी मांडले. कृत्य अमान्य करूनही त्यांनी तिचा हक्क नाकारला नाही. तिच्या पैशावर जर तिचा हक्क असेल, तर तिच्या जिवावर, तिच्या लेकरांवर किती अधिक असेल!

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. ल्याँमध्ये दंडाची पावती बाईच्या हाती पडे. गिऱ्हाईक घरी जाई. कदाचित रविवारी मिस्सेलाही येत असेल. फ्रान्समध्ये गिऱ्हाइकाला दंड करणारा कायदा २०१६ साली आला. ‘ल नीद’ने त्याचे स्वागत केले, संघटनांनी मात्र, यामुळे आम्हाला अधिक अंधाऱ्या, अधिक धोक्याच्या जागी जावे लागते, असे म्हणत विरोध केला. १९७५ मध्ये एका छपराखाली असलेले आज असे समोरासमोर आहेत. वाद सोपा नाही आणि तो लवकर मिटणारही नाही.

पण वाद मिटेपर्यंत दार बंद ठेवायचे का? शिमोन परुश्याच्या घरी ती स्त्री प्रभूच्या पायाशी रडत होती. ही बाई कोण आहे, एवढेच शिमोनला ठाऊक होते. प्रभूने त्याला विचारले, ही बाई तुला दिसते का? शिमोनने तिचे पाप पाहिले होते, तिला पाहिले नव्हते. फादर बेआल यांनीही त्या स्त्रियांना आधी पाहिले, त्यांचे ऐकले. उपदेशाची वेळ त्यानंतर येते.

आपल्या चर्चचे दार रोज पहाटे उघडते. उद्या अशी एखादी बाई लेकराला घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसली, तर आपण सरकून तिला जागा देऊ, की आपणच उठून दुसऱ्या बाकावर जाऊ? आजच्या मिस्सेत, ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.