सहकर्जदार

एकतीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. लोकांच्या दारात जप्तीचं वॉरंट घेऊन उभं राहायचं काम. आता नागपुरात हुडकेश्वरच्या घरात पंख्याखाली बसून मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज वाचतोय. अर्जदार ती, सहकर्जदार मी.

तिला वकिली करायची आहे आणि तीही फौजदारीच. पाच वर्षांचा कोर्स, खाजगी विद्यापीठ. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि आमचा प्लॉट नियमित करणारं नागपूर सुधार प्रन्यासचं पत्र, आरएल, अजून अडकलेलं, म्हणून सात लाखांवरच थांबलो. एका जुन्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला हिशोब मांडला. दर वर्षी 1 लाख 40 हजार उचलायचे, दहा टक्के सरळ व्याज, शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत. पहिला हप्ता सुरू होईपर्यंत सातचे 9 लाख 80 हजार होतात. तिथून दहा वर्षं महिन्याला तेरा हजार, म्हणजे एकूण साडेपंधरा लाख. ज्युनिअरला काय मिळतं, असं ओळखीच्या एका वकिलाला विचारलं. ते म्हणाले, "पहिली दोन वर्षं पेट्रोल सुटलं तरी नशीब समजा." त्यात 1 जुलै 2024 पासून कलमंही बदलली. खुनाच्या 302 चं 103 झालं, म्हणजे कुणाची जुनी पुस्तकं मागून आणायची सोयही गेली.

प्रश्न आकड्यांचाच असता तर एका संध्याकाळी सुटला असता.

शेजारच्या गुरुजींशी बोललो. त्यांच्या परंपरेत माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी मानतात, आणि ऋषींचं ऋण फिटतं ते अध्ययनानं. म्हणजे शिकणं हीच परतफेड. मी म्हटलं, "गुरुजी, आता तर वर्गात बसलं की मीटर सुरू होतो." त्यांनी हसून सुपारी कातरली. उत्तर काही दिलं नाही.

आमच्या घरची वाट वेगळी. एका दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून अंगुत्तर निकायाचा अनुवाद आणला होता. त्यात एक इण सुत्त आहे. इण म्हणजे ऋण. गृहस्थाला दारिद्र्य दुःखाचं, त्यातून कर्ज, मग व्याज, मग मागणी, मग पाठलाग आणि शेवटी बंधन, अशा पायऱ्या बुद्धांनी लावल्यात. वाचताना पुस्तक मिटून ठेवलं. ही तर आमची कोर्टातली वसुलीची दरखास्त! मुद्दल, व्याज, नोटीस, वॉरंट, दिवाणी कैद. त्या शिडीवरची पाचवी पायरी म्हणजे मी स्वतः. पण सुत्त तिथे थांबत नाही. ज्याच्याकडे श्रद्धा आणि लाज नाही तो खरा दरिद्री, त्याचं वाईट वागणं हे कर्ज आणि ते लपवणं हे व्याज, असं पुढे येतं.

बुद्धांनी अनाथपिंडिक या गृहस्थाला सांगितलेली चार सुखंही त्याच निकायात आहेत. मिळवण्याचं, भोगण्याचं, कर्ज नसण्याचं, आणि निर्दोष असण्याचं. पहिली तिन्ही चौथ्याच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत.

हे मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काहून घाबरवता बाबा? बाबासाहेबांनीही पैसे घेतलेच नं." खरं आहे. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार केला. 1917 मध्ये तिथे गेले, तर राहायला जागा कुणी देईना. 1920 मध्ये पुन्हा लंडनला निघाले ते मित्र नवल भथेनांकडून उसने घेऊन. करार बडोद्यात पाळला गेला नाही, पण ते ऋण बुडालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त मुलीला एवढं म्हटलं, की तेव्हा उसने देणारा मित्र होता, इथे छापील फॉर्म आहे.

भिक्खूसंघाच्या विनयाचा एक नियम मात्र तिला सांगितला आणि आम्ही दोघं हसलो. कर्जदाराला भिक्खू होता येत नाही, राजाच्या नोकरालाही नाही. हप्ते चालू असताना ती सरकारी वकील झाली तर विहाराचं दार दोन्हीकडून बंद.

जप्तीतही नियम असतात. सूर्य मावळल्यावर राहत्या घरात शिरता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं उचलता येत नाहीत. मंगळसूत्राला हात लावायचा नाही. एका शिंप्याकडे गेलो होतो, तर बिचारा शिलाई मशीन पोटाशी धरून बसलेला. "मशीन सोड, ती नेता येत नाही मला," म्हटल्यावर त्याला आधी पटेचना. विद्या चोराला नेता येत नाही म्हणतात. ती बेलिफालाही नेता येत नाही. म्हणून तर बँक डिग्री गहाण न घेता बापाची सही घेते.

तिचा पगार कमी पडला तर हप्ता थकेल, याची मला फारशी भीती नाही. थकलेले हप्ते मी आयुष्यभर पाहिले. भीती आहे ती हप्ता वेळेवर भरला जाण्याची. पाच तारीख जवळ आलेली, आणि समोर कुणीतरी पाकीट घेऊन उभा.

शनिवारी बँकेत गेलो. अर्जातला सहकर्जदाराचा व्यवसाय वाचून साहेबांनी वर पाहिलं. मी जिथे जिथे फुली होती तिथे सह्या केल्या. परतताना म्हाळगीनगर चौकात सिग्नलला गाडी उभी होती, मुलगी मागे बसलेली. तिला सांगून टाकलं. याच प्लॉटचे हप्ते चालू होते तेव्हा. एका सावकाराची दरखास्त होती. देणेकरी दारातच उभा होता, घरात फ्रीज, टीव्ही सगळं दिसत होतं. त्यानं पाचशे रुपये दिले. मी 'घर बंद आढळले' असा शेरा मारला आणि वॉरंट कोर्टाच्या नाझरकडे परत दिलं.

सिग्नल सुटला. ती बराच वेळ काही बोलली नाही. पिपळा रोडच्या वळणावर विचारलं, "मंग त्या सावकाराचे पैसे?"

"तारीख पडली," म्हटलं. "मग माझी बदली झाली."