ऊन अमाप, विहीर मापाची

नेर तालुक्यातला शेतकरी हरभऱ्याला ओलित करायला वर्षानुवर्षे रात्री शेतावर जात आला आहे. विजेची पाळी रात्रीची असली की साप-विंचवांची पर्वा करून चालत नाही. म्हणून सौर पंप आला तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्केच भरायचे. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. उशिरा का होईना, हा न्यायच झाला.

पण विजेची ती गैरसोयीची पाळी विहिरीला विसावाही देत होती. आता ऊन आहे तोवर पंप चालतो आणि जादा उपशाला एक पैसाही पडत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी थोडेच साठवतो. एकाने उपसले की शेजाऱ्याची विहीर खाली जाते. मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जगाचेही असेच आहे. ऊन अमाप, पण ते धरणारी साधने मापाची. एक मेगावॉट सौर विजेला चार-पाच एकर जमीन लागते. पॅनेलचे सिलिकॉन तयार करताना कोळसा जळतो. रात्रीच्या विजेला बॅटरी हवी. तिच्या लिथियमसाठी चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाळवतात. कोबाल्टसाठी काँगोच्या खाणींत लहान मुलेही राबली. म्हणून कोळसाच बरा, असे कोणी म्हणू नये. त्याची धूळ आपल्याच जिल्ह्यातले वणीकर खात आले आहेत.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी बेतानेच घ्यावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. ऊर्जेलाही तोच नियम लावायला हवा. मात्र काटकसरीचा उपदेश आधी कोणाला करायचा? ज्याच्या घरात आत्ताच दिवा लागला त्याला नक्कीच नाही. ज्याच्याकडे गरजेहून जास्त आहे, त्याने आधी हात आखडावा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. एकरांवरून पंपाची अश्वशक्ती सरकारने ठरवली. विहिरीतून किती उपसायचे, हे आपल्या ग्रामसभांना ठरवता येणार नाही का? शेजाऱ्याचा हक्क सांभाळण्याचे काम कोणताही पंप करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.